डोंगरातली यादवी आणि चौकातला दगड

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ॲपलेशियन डोंगररांगांत ॲशव्हिल नावाचे शहर आहे. तिथल्या भर चौकात ग्रॅनाइटचा एक उंच स्तंभ होता. यादवी युद्धाच्या काळातला राज्याचा गव्हर्नर झेब्युलन व्हॅन्स याच्या नावाने तो १८९७-९८ साली उभारला गेला. २०२१ मध्ये शहराने तो उतरवायला घेतला, न्यायालयाने काम मध्येच थांबवले, आणि चौथरा तसाच राहिला. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला, मग मे महिन्यात चौथराही निघाला. ही तीन वर्षे न्यायालयात भांडण कशावर चालले होते? स्तंभाच्या दुरुस्तीसाठी आधी लोकांकडून जमवलेल्या पैशांचा करार शहराने मोडला की नाही, यावर. न्यायालयाबाहेर दोन घोषणा होत्या: ‘इतिहास पुसू नका’ आणि ‘गुलामगिरीचे स्मारक हटवा’. या डोंगरात १८६१ ते १८६५ या काळात प्रत्यक्ष काय घडले, हा प्रश्न दोन्ही घोषणांच्या गदारोळात मागेच राहिला.

माझे म्हणणे आधीच मांडतो. न्यायालयासमोरच्या हिरवळीवर आणि सरकारी चौकात कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या बाजूची स्मारके असू नयेत. ती हलवणेच योग्य आहे. पण छोट्या डोंगरी गावांच्या बाबतीत एवढ्याने काम संपते असे मानणारेही चुकतात. या गावांचा युद्धाचा इतिहास त्या दगडात कधी नव्हताच. दगड बसवला तेव्हाच तो झाकला गेला होता, आणि दगड काढला म्हणून तो आपोआप वर येणार नाही. कोणी कोणाला मारले, कोणी कोणाला गुलामीत ठेवले, कोण कोणत्या सैन्यात गेला आणि का पळाला, याची नावानिशी नोंद गावाने स्वतः तयार करायला हवी. पुतळ्याचा वाद सोपा आहे म्हणून तो रंगतो. नोंदीचे काम किचकट आहे, आणि त्यात गावातल्याच आडनावांना हात लागतो.

सपाट प्रदेशातले युद्ध आणि डोंगरातले युद्ध यांत मोठा फरक होता. नॉर्थ कॅरोलायनाने देशातून फुटून निघण्याचा विचार करायच्या परिषदेलाच फेब्रुवारी १८६१ मध्ये सुमारे साडेसहाशे मतांच्या फरकाने नकार दिला होता; लिंकनने एप्रिलमध्ये फौज मागितल्यावर वारे फिरले. शेजारच्या पूर्व टेनेसीत तर जून १८६१ च्या सार्वमतात दोनतृतीयांशाहून जास्त मते फुटण्याच्या विरोधात पडली, तरी राज्य फुटलेच. पुढे एकेक कायदा या डोंगरांवर येऊन आदळला. एप्रिल १८६२ मध्ये १८ ते ३५ वयाच्या पुरुषांवर सक्तीची भरती आली, सप्टेंबरमध्ये ही मर्यादा ४५ वर नेली, आणि ऑक्टोबरमध्ये वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला सूट मिळाली. १८६३ च्या वसंतात धान्य-जनावरे ताब्यात घेण्याचा कायदा आणि पिकाचा दहावा हिस्सा कर म्हणून देण्याचा कायदा, असे दोन्ही एकापाठोपाठ आले. ज्या घरी एकही गुलाम नाही, शेत उताराचे, आणि नांगर धरणारा माणूस एकच, त्या घराने या कायद्यांकडे कसे पाहिले असेल?

त्यातच मीठ संपले. ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण या डोंगरातली यादवी मिठावाचून समजत नाही. थंडी पक्की पडली की नोव्हेंबर-डिसेंबरात डुकरे मारायची, मांस मिठात मुरवायचे आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे, यावर इथल्या घराचे पोट चाले. शंभर पौंड मांसाला आठ पौंडांच्या आसपास मीठ लागते. कमी पडले तर हाडाजवळचे मांस आधी सडते आणि मग सगळा तुकडा टाकावा लागतो. युद्धात समुद्रमार्ग बंद झाले. दक्षिणेचा मोठा आधार उरला तो व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या सॉल्टव्हिलचा, जिथे खारे पाणी मोठमोठ्या कढयांत आटवले जाई. मीठ सरकारी वाटपात गेले, आणि वाटप कोणाच्या हातात आहे यावर कोणाच्या घरी मांस टिकणार हे ठरू लागले. युनियनच्या, म्हणजे देश एकसंध ठेवू पाहणाऱ्या उत्तरेच्या बाजूचा म्हणून ज्याच्यावर संशय, त्याला मीठ मिळेना.

जानेवारी १८६३ च्या सुरुवातीला मॅडिसन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मार्शल या मुख्य गावावर शेल्टन लॉरेल खोऱ्यातल्या सुमारे पन्नास माणसांनी धाड घातली. त्यांत कॉन्फेडरेट सैन्याच्या ६४ व्या नॉर्थ कॅरोलायना रेजिमेंटमधून पळालेले सैनिकही होते. मीठ लुटले, घरे लुटली. रेजिमेंटचा कर्नल लॉरेन्स ॲलन याचेही घर लुटले, आणि तेव्हा त्या घरात मुले तापाने आजारी होती. पुढे काही दिवसांनी त्यांतली दोन दगावली. मग तीच ६४ वी रेजिमेंट लेफ्टनंट कर्नल जेम्स कीथच्या हाताखाली बर्फातून खोऱ्यात शिरली. बायकांना चाबकाने मारले, गळ्याला फास लावून लटकवले आणि पुन्हा उतरवले. पुरुष कुठे लपलेत हे त्यांना सांगायला लावायचे होते. पंधरा जण पकडले, दोघे निसटले. उरलेल्या तेरांना नॉक्सव्हिलला खटल्यासाठी नेतो असे सांगून वाटेतच बसवले आणि गोळ्या घातल्या. त्यांत साठीचा म्हातारा होता आणि डेव्हिड शेल्टन नावाचा तेराएक वर्षांचा मुलगा. मारणाऱ्यांतले बरेच जण आणि मेलेले एकाच काउंटीचे होते.

सरकारी वकील ऑगस्टस मेरिमन याने गव्हर्नरला पत्रांतून ही हकीकत कळवली. मेलेल्या तेरांपैकी बहुधा आठ जण मार्शलच्या धाडीत नव्हतेच, असेही त्याने लिहिले. गव्हर्नर कोण होता? चौकातल्या स्तंभावर ज्याचे नाव होते तोच व्हॅन्स. त्याने चौकशीचा आग्रह धरला, थेट कॉन्फेडरेट युद्धमंत्र्यापर्यंत तक्रार नेली. तोच व्हॅन्स माणसे गुलामीत ठेवणारा होता आणि सक्तीची भरती राबवणाऱ्या राज्याचा प्रमुखही. आता सांगा, या माणसाचा कोणता भाग त्या ग्रॅनाइटने कोणाला शिकवला होता? स्तंभ सव्वाशे वर्षे उभा होता आणि त्यावरून मेरिमनच्या पत्रांचा पत्ता कोणालाच लागला नसता.

दगडाच्या बाजूने होणाऱ्या युक्तिवादांतला सर्वांत बळकट मुद्दा मात्र मान्य करायला हवा. ज्या गावात संग्रहालय नाही, दप्तरखाना नाही, तिथे रस्त्यावरून जाणाऱ्या मुलाला ‘हे काय?’ असे विचारायला लावणारी ती एकच वस्तू असते. शिवाय अनेक आयांची मुले कुठल्या तरी दूरच्या इस्पितळात, कैद्यांच्या छावणीत मेली; त्यांची प्रेते घरी आलीच नाहीत. त्या आयांसाठी चौकातला दगड हीच समाधी होती. हे दुःख खरे आहे आणि त्याची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाला दगड उत्तर काय देतो? ‘आमच्या गावाने हे ध्येय एकमुखाने उचलले.’ डोंगरी काउंट्यांपुरते तरी हे उत्तर साफ खोटे आहे. बहुतेक स्मारके युद्ध संपताच उभी राहिलेली नाहीत. त्यांचा भर १९०० ते १९२० या काळातला, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाने १९०० साली घटनादुरुस्ती करून काळ्या नागरिकांचा मतदानाचा हक्क काढून घेतला त्याच्या पुढचा. कित्येक ठिकाणचा सैनिक तर कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टच्या कारखान्यात जस्त ओतून घडवलेला असे आणि सूचीपत्रातून मागवला जाई. तोच कारखाना उत्तरेलाही सैनिक विकत होता आणि दक्षिणेलाही; फरक पट्ट्याच्या बकलावरच्या अक्षरांचा. अशा पुतळ्याला स्थानिक इतिहास म्हणायचे, आणि शेल्टन लॉरेलच्या टेकडीवरच्या कबरींना काय म्हणायचे? राज्य सरकारने तिथे रस्त्याकडेला एक फलक लावला आहे. युनियनच्या बाजूचे असल्याच्या संशयावरून तेरा पुरुष आणि मुले मारली गेली, एवढेच तो सांगतो. ओळी दोन-तीनच, पण पुतळ्यापेक्षा त्यांत इतिहास जास्त आहे.

‘मग दोन्ही बाजूंची स्मारके ठेवा’ असा तोडगा समजूतदार लोक सुचवतात. तो करून झालेला आहे. टेनेसीच्या ग्रीनव्हिल गावात न्यायालयाच्या हिरवळीवर युनियन सैनिकाचे १९१९ चे स्मारक आहे आणि तिथेच सप्टेंबर १८६४ मध्ये त्या गावात मारला गेलेला कॉन्फेडरेट जनरल जॉन हंट मॉर्गन याचे १९३१ चे स्मारकही आहे. दोघांना सारखी जागा दिली की न्याय झाला असे वाटते. पण नोव्हेंबर १८६१ मध्ये रेल्वेचे पूल जाळणाऱ्या युनियनवाद्यांपैकी दोघांना याच गावात रुळांशेजारी फाशी दिले गेले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला अँड्र्यू जॉन्सन याच गावचा. त्याने आपल्या घरातल्या गुलामांना ८ ऑगस्ट १८६३ रोजी मोकळे केले, आणि त्यांच्यातल्याच सॅम्युअल जॉन्सनने पुढे त्या तारखेचा उत्सव सुरू केला. लिंकनच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यातून टेनेसी वगळलेले होते, म्हणून तिथल्या काळ्या कुटुंबांनी ही आपली तारीख मानली आणि अजून मानतात. हिरवळीवरचे दोन सैनिक यातले काहीच सांगत नाहीत. दोन बाजू समोरासमोर उभ्या केल्या की तिसरी दिसेनाशी होते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तो गावातलेच लोक घेतात. ती आडनावे अजून इथेच आहेत, त्यांची शेते एकमेकांना लागून आहेत, चर्च एक आहे; दीडशे वर्षांनी ही भाऊबंदकी उकरून काय साधणार? विसरल्यानेच गाव टिकले, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. १८६६ च्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने दोन्ही बाजूंच्या सैनिकांना युद्धकाळातल्या कृत्यांबद्दल सरसकट माफी दिली, नाहीतर प्रत्येक काउंटीत सुडाचे खटले वर्षानुवर्षे चालले असते. कीथला युद्धानंतर पकडले, १८६९ मध्ये तो ॲशव्हिलच्या तुरुंगातून पळाला, आणि त्या तेरांच्या मृत्यूबद्दल त्याला शिक्षा कधीच झाली नाही. माफीची किंमत ही होती. ती देणे त्या वेळी कदाचित भागही होते.

तरी माफी आणि विस्मरण यांची सांगड घालण्याची चूक करू नये. १९८९ साली ग्रीसमध्ये उजवे आणि डावे पहिल्यांदा एकत्र सत्तेवर आले. तिथल्या यादवीतली ग्रामोस पर्वतावरची शेवटची लढाई संपून चाळीस वर्षे झाल्याचा मुहूर्त साधून त्यांनी नागरिकांवर पाळत ठेवणाऱ्या पोलिसी फायली भट्टीत घातल्या. दीड कोटीहून अधिक. हेतू सलोख्याचाच होता. पण डोंगरातल्या गावांत कोणी कोणाची चहाडी केली, कोणाला कशासाठी हद्दपार केले, याचा लेखी पुरावा त्या भट्टीत गेला, आणि उरल्या त्या दोन्ही पक्षांच्या आपापल्या कहाण्या. इतिहासकारांनी तेव्हाच विरोध केला होता. स्पेनने उलट बाजूने धडा दिला. १९७७ च्या माफीच्या कायद्याने खटले बंद केले, बोलणेही बंद झाले. पण २००० साली एल बिएर्सो या डोंगराळ भागातल्या प्रियारान्सा गावी एका नातवाच्या खटपटीने १९३६ मध्ये, तिथल्या यादवीत, गोळ्या घालून रस्त्याकडेला पुरलेल्यांचा खड्डा शास्त्रशुद्ध पद्धतीने उकरला गेला. तिथेही तेराच जण होते. हाडे डीएनए तपासून ओळखली, घरच्यांच्या हाती दिली. गाव मोडले का? माफीही शाबूत राहिली. शिक्षा माफ करणे हे सरकारचे काम होते. आजोबा कुठे पुरला आहे हे नातवाला कळू न देणे हे कोणाचेच काम नव्हते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. शेजारी विरुद्ध शेजारी, भाऊ विरुद्ध भाऊ अशा स्थानिक कथांत रमले की युद्धाचे कारण, म्हणजे गुलामगिरी, धुक्यात जाते. ही भीती अनाठायी नाही. १९१३ मध्ये या युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईच्या पन्नासाव्या स्मरणदिनी दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांहून अधिक वृद्ध सैनिक एकत्र आले, हातात हात दिले, आणि गोऱ्यांच्या त्या सलोख्यात काळ्या नागरिकांच्या हक्कांचा विषयच नव्हता. डोंगरी गावांना तर ही पळवाट फारच आवडते: ‘आमच्याकडे गुलाम नव्हतेच, आम्ही युनियनचे.’ मराठी वाचकाला या युद्धाचे खरे मोल परक्याने सांगायला नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तो त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी दाखवलेल्या औदार्याबद्दल. दोन भावांच्या वाटणीच्या भांडणाला कोणी ग्रंथ अर्पण करत नाही.

म्हणूनच स्थानिक नोंद जितकी बारीक, तितकी ही पळवाट बंद होते. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरी काउंट्यांत १८६० मध्ये दहापैकी एकाच्या आसपास माणूस गुलामीत होता. मैदानी भागापेक्षा हे प्रमाण कमी, पण शून्य नव्हे. आणि मालक कोण, तर दुकानदार, वकील, खाणावळवाले, म्हणजे नेमके काउंटीचे कारभारी. युनियनचा असणे म्हणजे गुलामगिरीविरोधी असणे हेही समीकरण टिकत नाही. पूर्व टेनेसीतला युनियनचा सर्वांत कडवा संपादक विल्यम ब्राउनलो युद्धापूर्वी गुलामगिरीची जाहीर तरफदारी करत होता. सॉल्टव्हिलच्या मिठागरांत राबणाऱ्यांत भाड्याने दिलेले गुलाम होते. ऑक्टोबर १८६४ मध्ये तिथल्या लढाईनंतर युनियनच्या पाचव्या कलर्ड कॅव्हलरी या घोडदळातल्या जखमी काळ्या सैनिकांना ठार मारले गेले. डोंगरातला कॉन्फेडरेट बाजूचा कुख्यात छापेमार चँप फर्ग्युसन याला पुढच्या वर्षी नॅशव्हिलमध्ये फाशी झाली, ती तिथल्या आणि इतर अनेक खुनांसाठी. मार्शलची धाड आणि सॉल्टव्हिलची कत्तल या एकाच मिठाच्या वाटेवरच्या दोन घटना आहेत. त्या एकत्र सांगितल्या की गुलामगिरी कथेबाहेर राहूच शकत नाही.

आता हे करायचे कसे? आपल्याकडे राजवाडे गावोगाव हिंडून कागद जमवत होते, तेव्हा दस्ताशिवाय विधान करू नये हा दंडक त्यांनी घालून दिला. इथे कागद मुबलक आहेत, आणि बरेचसे स्कॅन झालेले आहेत. पहिली पायरी १८६० च्या जनगणनेची. घरांची यादी आणि गुलामांची वेगळी यादी शेजारी ठेवायची. दुसऱ्या यादीत गुलामांची नावे नाहीत. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग, वर्ण. ही माणसे नावाने सापडतात ती १८७० च्या जनगणनेत. मधला दुवा म्हणजे १८६६ च्या नोंदी: गुलामीत एकत्र राहिलेल्या जोडप्यांनी काउंटीच्या कारकुनापुढे पंचवीस सेंट भरून आपला विवाह नोंदवायचा, असा कायदा राज्याने त्या वर्षी केला. त्यात नाव असते आणि कितव्या वर्षापासून एकत्र राहतो तेही. या तीन कागदांशिवाय लिहिलेला डोंगरी गावाचा युद्धेतिहास अर्धाच समजावा.

सैनिकांच्या सेवानोंदी दोन्ही सैन्यांच्या पाहाव्यात, कारण एकच माणूस दोन्हींत सापडतो. इथे घाई नडते. एका खोऱ्यात एकाच वेळी चार-चार जेम्स शेल्टन असतात. शेल्टन लॉरेलच्या मेलेल्यांतच या नावाचे दोघे आहेत. म्हणून नावाबरोबर वय, कंपनी आणि भरतीचे ठिकाण जुळेपर्यंत दोन नोंदी एका माणसाच्या मानू नयेत. जनगणनेतली वये दोन-तीन वर्षांनी इकडे-तिकडे असतात. ‘पळाला’ हा शेरा म्हणजे युनियनची निष्ठा नव्हे, महिना पाहा. पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत पळून नंतर परत आलेले पुष्कळ होते. पेन्शनचे अर्जही तसेच तपासून घ्यायचे. नॉर्थ कॅरोलायनाने १८८५ पासून दिलेली पेन्शन कॉन्फेडरेट सैनिकांना आणि विधवांना होती, पळालेल्याला ती नव्हती, त्यामुळे अर्जातली पळाल्याची आठवण पुसट होते.

सर्वांत समृद्ध कागद सदर्न क्लेम्स कमिशनचे. युनियन सैन्याने घेतलेल्या घोडा, मका, मांस यांची भरपाई मागणाऱ्या दक्षिणी लोकांचे दावे १८७१ ते १८७३ या दोन वर्षांत स्वीकारले गेले. २२,२९८ आले, आणि मंजूर झाले तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. दावेदाराला युद्धभर निष्ठा सिद्ध करावी लागे, त्यासाठी प्रश्नांची लांबलचक ठरलेली यादी असे, आणि शेजाऱ्यांच्या साक्षी घेतल्या जात. कोणी कोणाला जंगलात लपवले, कोणाची गाय कोणी नेली, हे त्यात सापडते. काळ्या साक्षीदारांचे शब्दही सापडतात, जे काउंटीच्या इतर दप्तरांत क्वचितच मिळतात. मंजूर दाव्यांवर थांबू नये. नामंजूर दावे वेगळ्या दप्तरात आहेत आणि बऱ्याचदा तेच जास्त बोलके असतात, कारण त्यांत उलटतपासणी कडक आहे. मात्र दावेदाराला पैसे हवे होते हे विसरून चालणार नाही, आणि कॉन्फेडरेट सैन्याने लुटलेल्याची भरपाई इथे मिळतच नव्हती, म्हणून शेल्टन लॉरेलसारख्या खोऱ्याचे मुख्य नुकसान या कागदांत येत नाही. ते तोंडी परंपरेत आहे. ती उडवून लावू नये, पण ज्याच्या घरची कथा त्याच्या घरची बाजू, हे लिहून ठेवावे.

स्मशानातही वाचता यावे लागते. सरकारी दगडांत वर गोलाई आणि कोरलेली ढाल असेल तो युनियनचा, टोकदार माथा असेल तो कॉन्फेडरेटचा. पण टोकदार दगडांची पद्धत १९३० च्या सुमाराची. तो नातवंडांनी मागवलेला असतो, आणि नातवंडांनी आजोबांसाठी कोणती बाजू निवडली एवढेच त्यावरून नक्की कळते. अक्षर नसलेले शेतातले दगड आणि पूर्व-पश्चिम खचलेली जमीन हीही कबरच असते. कुंपणाबाहेर अशा खचलेल्या जागा दिसल्या तर तिथे कोण आहे ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

याला फार पैसा लागत नाही. एका काउंटीचे काम दोन जाणकार माणसे आणि सार्वजनिक ग्रंथालयाचे एक टेबल, एवढ्यावर सुरू होते. खटल्यांवर, क्रेनवर आणि पोलीस बंदोबस्तावर खर्च होतो त्याच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे. पुतळा हलवण्याचा ठराव करणाऱ्या प्रत्येक काउंटीने त्याच ठरावात या नोंदीची तरतूद करावी, आणि ‘ठेवा’ असा ठराव करणाऱ्यांनीही. इतिहास जपायचा आहे असे ते म्हणत असतील तर त्यांना नकार देता येणार नाही. मोकळ्या झालेल्या जागी नवा पुतळा नको. नावांची यादी लावावी: युद्धात मेलेले दोन्ही बाजूंचे, सैनिक नसताना मारले गेलेले, आणि त्या काउंटीत गुलामीत असलेले. जिथे नाव मिळत नाही तिथे १८६० च्या यादीत आहे तसेच वय आणि मालकाचे नाव द्यावे. प्रत्येक नावापुढे कागद कोणत्या दप्तरात आहे त्याचा क्रमांक असावा, म्हणजे ज्याला पटत नाही त्याला जाऊन तपासता येईल, आणि चूक सापडली तर ती दुरुस्त करायला खाली जागा मोकळी ठेवावी.